सीडी ट्रान्सपोर्ट आणि डॅक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रान्सपोर्ट म्हणजे सीडी प्लेअरच ना? मग वेगळं नाव कशाला?

अर्धा सीडी प्लेअर म्हणा. साध्या प्लेअरच्या खोक्यात दोन कामं चालतात. एक, चकती फिरवून तिच्यावरचे आकडे वाचायचे. दोन, त्या आकड्यांचा सिग्नल बनवून अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवायचा. ट्रान्सपोर्ट फक्त पहिलं काम करतो. त्याच्या मागे लाल-पांढऱ्या पिनांची जोडी नसते, डिजिटल आउटपुट असतं आणि त्यातून आकडेच बाहेर पडतात. दुसरं काम डॅकचं. डॅक म्हणजे डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारं यंत्र.

तुमच्या जुन्या प्लेअरच्या पाठीवर ‘डिजिटल आउट’ असं लिहिलेलं भोक असेल तर तोही ट्रान्सपोर्ट म्हणून चालतो. दुकानात जाण्याआधी खोकं फिरवून पाठ बघा.

दोन खोकी करून फायदा काय?

माझ्या मते खरा फायदा दुरुस्तीचा आहे. मोटर, भिंग, रबरी बेल्ट झिजतात. डॅकमध्ये हलणारं काहीच नसतं. प्लेअरचं यंत्र गेलं तर आतला उत्तम डॅकही भंगारात जातो. दोन्ही वेगळे असले तर एकच बदलावा लागतो. शिवाय त्याच डॅकला टीव्ही आणि कॉम्प्युटरही जोडता येतो. आवाज सुधारतो का, याचं उत्तर लांबलचक आहे, खाली येईलच.

सीडीवर गाणं असतं कुठे? चकचकीत बाजूला तर काहीच दिसत नाही.

तुम्हाला दिसते ती १.२ मिलिमीटर जाडीची पॉलीकार्बोनेटची पारदर्शक चकती. गाणं तिच्या पलीकडे आहे, छापील बाजूला चिकटून. तिथे अतिसूक्ष्म खळग्यांची एक सलग वेटोळी माळ असते. ती आतून सुरू होते आणि बाहेर संपते. रेकॉर्डच्या बरोबर उलट. दोन वेढ्यांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर. पूर्ण भरलेल्या चकतीवरची ही माळ उलगडली तर पाच किलोमीटरपेक्षा लांब भरेल.

खळग्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा, त्यावर लाखेसारखा थर आणि त्यावर छपाई. ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर खालून येतो. खळग्याची खोली प्लॅस्टिकमधल्या प्रकाशलहरीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी ठेवलेली असते. खळग्यावरून परतणारा प्रकाश आणि आजूबाजूच्या सपाटीवरून परतणारा प्रकाश त्यामुळे एकमेकांना मारतात, आणि खळगा आला की परतणारा उजेड मंदावतो.

इथे एक गैरसमज सर्रास ऐकू येतो : खळगा म्हणजे ०, सपाटी म्हणजे १. तसं नाही. खळग्याची कड, म्हणजे सुरुवात किंवा शेवट, हा १. मधली सगळी लांबी ०. प्रत्येक आठ बिटांचे चौदा करून लिहितात ते याचसाठी. कडा फार जवळजवळ आल्या तर भिंगाला त्या वेगळ्या दिसणार नाहीत, आणि फार लांब गेल्या तर यंत्राची मोजणी चुकेल.

चकतीचा वेगही स्थिर नसतो. भिंगाखालून माळ सेकंदाला १.२ ते १.४ मीटर या एकाच गतीने सरकायला हवी. म्हणून आतल्या कडेला चकती मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे घेते आणि शेवटच्या गाण्यापर्यंत २०० वर येते. झाकण वर उघडणारा प्लेअर असेल तर ट्रॅक एकवरून एकदम शेवटच्या ट्रॅकवर जा. चकती मंदावताना डोळ्यांनी दिसते.

४४.१ किलोहर्ट्झ हा असला आकडा कुणी काढला? सरळ ४५ का नाही?

सीडीसाठी आवाज सेकंदाला किती वेळा मोजतात, तो हा आकडा. प्रत्येक मोजमाप म्हणजे एक सॅम्पल. तो आला व्हिडिओ टेपमुळे. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी एवढा डेटा साठवायला सोयीचं साधन म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात चित्र म्हणून टेपवर लिहायचे. जपान-अमेरिकेच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड (अर्धी चित्रं), प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ रेषा, रेषेवर ३ सॅम्पल. गुणाकार करा : ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ५० गुणिले २९४ गुणिले ३. पुन्हा ४४,१००. दोन्हीकडे जमणारा आकडा मिळाला आणि तोच राहिला. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये मानक पक्कं केलं, आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये पहिला प्लेअर विकायला आला.

माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. त्याच्या दुपटीहून थोडं जास्त सॅम्पलिंग पुरतं, हे गणितच आहे.

चरा पडलेली सीडी सुद्धा नीट वाजते. म्हणजे थोडं गाणं गाळलं जातं का?

बहुतेक वेळा एक बिटही गाळला जात नाही. आकडे लिहितानाच त्यांच्याबरोबर जादा तपासणीचे आकडे लिहिलेले असतात : २४ बाइट संगीतामागे ८ बाइट. आणि लागोपाठचे आकडे शेजारीशेजारी ठेवत नाहीत, शंभराहून अधिक फ्रेममध्ये, म्हणजे छोट्या गठ्ठ्यांमध्ये, विखरून टाकतात. समजा, हरिपाठाचे सगळे शब्द सुटे करून गावभर घराघरांत एकेक वाटून ठेवले. एका गल्लीत पाणी शिरलं तर प्रत्येक अभंगाचा एखादाच शब्द जाईल, आणि तो उरलेल्यावरून सांगता येईल. सलग ४,००० बिटांपर्यंतचं, म्हणजे माळेवर साधारण अडीच मिलिमीटर लांबीचं नुकसान या पद्धतीत पूर्ण भरून निघतं.

त्यापुढे गेलं की यंत्र अंदाज लावतं. आधीचं सॅम्पल आणि नंतरचं सॅम्पल यांच्या मधली किंमत घालतं. कानाला सहसा कळत नाही. तेही जमलं नाही तर क्षणभर आवाज बंद. आपण ज्याला ‘सीडी अडकली’ म्हणतो तो प्रकार निराळा : तिथे भिंगाची वाटच चुकलेली असते.

धुळीबद्दलही हेच. चकतीच्या पृष्ठभागावर लेझरचा झोत पाऊण मिलिमीटरहून अधिक रुंद असतो आणि आत माळेवर पोचेपर्यंत दीड-पावणेदोन मायक्रोमीटरचा ठिपका होतो. वरचा धुळीचा कण त्याच्या दृष्टीने फोकसबाहेर राहतो, चष्म्यावरच्या ठिपक्यासारखा.

डॅकच्या आत नेमकं काय होतं?

प्रत्येक चॅनलसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा १६ बिटांचा एक आकडा येतो आणि त्या आकड्याइतका व्होल्टेज बाहेर द्यायचा असतो. सरळ मार्ग म्हणजे रोधकांची शिडी. प्रत्येक बिटाला एक स्विच, आणि प्रत्येक पायरीवर प्रवाह निम्मा. ऐकायला सोपं आहे. पण सगळ्यात मोठ्या बिटाची पायरी सगळ्यात लहान बिटाच्या ३२,७६८ पट असते. मोठ्या पायरीत ०.००३ टक्के चूक झाली तरी सगळ्यात लहान बिटाला अर्थ उरत नाही. असे रोधक कारखान्यात एकेक घासून जुळवावे लागतात. शिडीचे डॅक महाग का, याचं उत्तर एवढंच.

याची गंमत पहिल्या पिढीत दिसते. फिलिप्सकडे १४ बिटांचीच चिप तयार होती आणि मानक ठरलं १६ चं. त्यांनी आकड्यांचा वेग चौपट केला, मधली सॅम्पल गणिताने भरली आणि चुकांचा गोंगाट कानाच्या टप्प्याबाहेर ढकलला. १४ बिटांच्या चिपमधून १६ च्या तोडीचं काम काढून घेतलं! सोनीच्या पहिल्या प्लेअरमध्ये १६ बिटांची चिप होती, पण एकच, आणि ती डाव्या-उजव्या चॅनलला आळीपाळीने वापरली जायची. दोन चॅनलमध्ये ११ मायक्रोसेकंदांचा फरक पडायचा. एक स्पीकर चार मिलिमीटर मागे सरकवावा, इतका.

फिलिप्सची युक्ती टोकाला नेली की आजचा डेल्टा-सिग्मा डॅक मिळतो. पायऱ्या अगदी थोड्या, कधी एकच, पण स्विचिंग सेकंदाला लाखो वेळा. सरासरी काढली की हवी ती लहर तयार. अचूकता रोधकांकडून घड्याळाकडे, म्हणजे स्विचिंगची वेळ पाळणाऱ्या भागाकडे गेली, आणि अचूक घड्याळ बनवणं स्वस्त पडतं. तुमच्या मोबाइलमध्ये हाच प्रकार आहे.

डिजिटल आवाज जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा असतो, अ‍ॅनालॉग गुळगुळीत. खरं ना?

खोटं. जाहिरातींतल्या चित्रांनी हे डोक्यात भरवलंय. पायऱ्या डॅकच्या पोटात तात्पुरत्या असतात. पुढचा फिल्टर त्या पुसतो. पायरी म्हणजे २२.०५ किलोहर्ट्झच्या (४४.१ च्या निम्म्याच्या) वरच्या प्रतिमा, नको असलेले जादा सूर : २० किलोहर्ट्झच्या सुराची एक सावली २४.१ वर पडते. ती कापली की उरते ती मूळ लहर, गोलाईसकट. ऑसिलोस्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून बघा, पायरी सापडणार नाही.

अपवाद एक. फिल्टरच न लावणारे ‘नॉन-ओव्हरसॅम्पलिंग’ डॅक मिळतात आणि त्यांचे भक्तही आहेत. त्यांत २० किलोहर्ट्झला आवाज सुमारे ३ डेसिबलने पडतो. आवाज ‘मऊ’ लागतो तो बराचसा यामुळे. आवडला तर जरूर घ्या, फक्त त्याला जादू म्हणू नका.

जिटर म्हणजे काय? त्याची भीती घालून मला महागडी केबल विकली जातेय.

आकडे बरोबर पण वेळ चुकीची, म्हणजे जिटर. तबल्याचे बोल सगळे अचूक निघताहेत, पण लय किंचित डळमळते आहे, असं समजा. ट्रान्सपोर्टच्या एका वायरमधून आकडे आणि घड्याळ दोन्ही एकत्र जातात. डॅकला त्या प्रवाहातून घड्याळ वेगळं काढावं लागतं. नव्वदीच्या सुरुवातीच्या डॅकमध्ये हा भाग कच्चा होता आणि तेव्हाच्या तक्रारींत तथ्य होतं.

आता हिशेब. १६ बिटांच्या अचूकतेला, २० किलोहर्ट्झच्या पूर्ण जोराच्या सुराला, १२० पिकोसेकंदांच्या आसपासची शिस्त लागते. असा सूर संगीतात नसतो. ऐकण्याच्या चाचण्यांत माणसांना जिटर जाणवू लागतो तो नॅनोसेकंदांच्या घरात, म्हणजे कितीतरी पट मोठा असताना. आजचे बरे डॅक आलेला प्रवाह आपल्या क्रिस्टलच्या घड्याळावर नव्याने बसवतात. केबल ७५ ओहमची, नीट बसणारी आणि गरजेपुरती लांब असावी. त्यापलीकडचे पैसे दुकानदाराच्या लेकीच्या लग्नाला.

कोअ‍ॅक्सियल घ्यावी की ऑप्टिकल?

पहिली तांब्याची, वीज नेणारी वायर, दुसरी उजेड नेणारी. सीडीच्या आकड्यांसाठी दोन्ही सारख्या. पण एक कारण असं आहे की ज्यासाठी मी आधी ऑप्टिकल लावून बघायला सांगतो.

माझ्याकडे संध्याकाळी स्पीकरमधून एक बारीक ‘हूंऽऽ’ यायचं. दुपारी नाही, संध्याकाळीच. डॅक बदलून पाहिला, अ‍ॅम्प बदलून पाहिला. दोन आठवड्यांनी लक्षात आलं की संध्याकाळी घरात मालिका सुरू होतात. सेट-टॉप बॉक्स डॅकला कोअ‍ॅक्सियलने जोडलेला, आणि बॉक्सला गच्चीवरच्या डिशची वायर. डिशचं अर्थिंग एकीकडे, अ‍ॅम्पचं दुसरीकडे. दोन्हींमध्ये ५० हर्ट्झचा प्रवाह फिरायचा आणि जोडीला त्याच्या पटीतले सूर. काही शे रुपयांची ऑप्टिकल वायर लावली, हूं बंद. काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून उजेड जातो, वीज जात नाही.

वाकवताना मात्र जपा, आणि टोकाचं छोटं प्लॅस्टिकचं टोपण काढायला विसरू नका. हसू नका, ‘आवाजच येत नाही’ या तक्रारींत हे कारण वरच्या क्रमांकावर आहे.

यूएसबी हा कॉम्प्युटरसाठीचा मार्ग. ट्रान्सपोर्टवर तो क्वचित दिसतो.

घरात जुना डीव्हीडी प्लेअर पडलाय. तो ट्रान्सपोर्ट म्हणून लावला तर?

लावा. मी स्वतः तपासलंय. डीव्हीडी प्लेअरच्या डिजिटल आउटमधून कॉम्प्युटरवर एक गाणं रेकॉर्ड केलं, तेच गाणं सीडीवरून थेट उतरवलं, दोन्ही फाइल सुरुवातीला जुळवून एकीतून दुसरी वजा केली. बाकी शून्य. अगदी सरळ रेघ. माझ्या ट्रान्सपोर्टने हेच केलं तेव्हाही शून्यच. म्हणजे डॅकला मिळणारे आकडे दोन्हीकडून सारखेच.

दोन पथ्यं : सेटिंगमध्ये डिजिटल आउट ‘पीसीएम’वर (म्हणजे साध्या, न बदललेल्या आकड्यांवर) ठेवा, आणि ‘सराउंड’, ‘बास बूस्ट’ असले खेळ बंद करा. काही डीव्हीडी प्लेअर सगळं ४८ किलोहर्ट्झला फिरवून पाठवतात. डॅकच्या पडद्यावर आकडा दिसत असेल तर खात्री करून घ्या. गैरसोय असते ती वापराची. चकती ओळखायला वेळ लावतात, टीव्ही बंद असला तर कुठलं गाणं लागलंय कळत नाही, आणि पंखा किंवा मोटर घुमते.

डॅकवर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ लिहिलंय. सीडी जास्त चांगली वाजेल?

नाही. सीडीत १६ बिट आणि ४४.१ आहेत, तेवढेच येणार. अर्धा लिटर दूध पिंपात ओतल्याने वाढत नाही. १६ बिटांत शांततेपासून कमाल आवाजापर्यंत सुमारे ९८ डेसिबलचा पल्ला मिळतो. शहरातल्या दिवाणखान्यात, पंखा चालू असताना, त्यातला बराच खालचा भाग ऐकूच येत नाही.

एसएसीडी आणि एमपी३ सीडी चालते का?

एसएसीडी म्हणजे ‘सुपर ऑडिओ सीडी’. तिचा वरच्या दर्जाचा थर साध्या डिजिटल आउटमधून बाहेर येत नाही. चकती हायब्रिड, म्हणजे दोन्ही थर असलेली असेल तर तिचा सीडीचा थर वाजतो. एमपी३ ट्रान्सपोर्टवर अवलंबून, माहितीपत्रक बघा.

माझ्याकडच्या दोन-तीन जुन्या जपानी सीडी फार कर्कश वाजतात. डॅक बिघडला?

बहुधा नाही. सुरुवातीच्या काळात काही चकत्यांवर वरचे सूर मुद्दाम वाढवून लिहीत आणि वाजवताना तेवढेच उतरवत. याला प्री-एम्फसिस म्हणतात. चकतीवर तशी खूण असते. जुने प्लेअर ती खूण वाचून आवाज खाली आणायचे. आजकालचे काही डॅक तिच्याकडे लक्षच देत नाहीत, आणि मग झांजा कानात घुसतात. तीच सीडी जुन्या प्लेअरच्या लाल-पांढऱ्या आउटपुटवर लावून बघा. गोड वाजली तर निदान झालं.

नवा डॅक लावल्यावर आवाज खरंच खुलला. हा भास म्हणायचा का?

भास असेलच असं नाही. आवाज मोठा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. सीडी प्लेअरचं आउटपुट साधारण २ व्होल्टचं असतं. अनेक डॅक थोडं जास्त देतात. अर्ध्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘खुलला’ म्हणून कळतो. तुलना करायची तर १०० हर्ट्झचा सूर वाजवा, मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजा आणि दोन्हीकडे टक्क्याच्या आत जुळवा. मग घरातल्या कुणाला तरी न सांगता वायरी बदलायला लावा.

मी हे केलं तेव्हा शिडीचा फिल्टर नसलेला डॅक ओळखू आला. दोन चांगले डेल्टा-सिग्मा डॅक ओळखता आले नाहीत, आणि त्यातला एक दुसऱ्याच्या पाचपट किमतीचा होता. तो मी विकला. स्पीकर मात्र डोळे मिटूनही ओळखता येतात.

ट्रे उघडत नाही, किंवा ‘नो डिस्क’ येतं. फेकून द्यायचा का?

थांबा. ट्रे अडकणं म्हणजे शंभरातल्या बहुतेक वेळा ढिला झालेला रबरी बेल्ट. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तसा बेल्ट मिळतो. जुना सोबत न्या, नुसतं मॉडेल सांगून चालत नाही.

‘नो डिस्क’ला क्रमाने जा. आधी भिंग : कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, हलक्या हाताने एकदा. दाबू नका, भिंग केसासारख्या तारांवर तरंगत असतं. मग भिंग ज्या दांड्यावर सरकतं त्याचं जुनं ग्रीस. कोकणात-गोव्यात ते धूळ आणि दमटपणाने चिकट होतं, आणि चकती पहिली गाणी वाजवून पुढे अडखळू लागते. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून यंत्र बाहेर आणलं असेल तर भिंगावर दव धरतं. तासभर नुसतं थांबा, आपोआप सुरू होईल. एवढं करून नाही जमलं तर लेझरच दमलाय. अनेक प्लेअरमध्ये ठरावीक दोन-चार प्रकारांचेच लेझर असल्याने ते अजून मिळतात. पण नक्कलही खूप आहे.

सीडी कशी पुसायची?

मधून बाहेर, सरळ. रेकॉर्डसारखी गोल नाही. गोल पुसताना चरा पडला तर तो माळेच्या दिशेने पडतो आणि तिचा लांब सलग तुकडा मारतो. आडवा चरा माळ फक्त छेदतो आणि दुरुस्तीत निघून जातो.

आणि खालच्या बाजूपेक्षा छापील बाजू जास्त जपा. खालून १.२ मिलिमीटर प्लॅस्टिक आहे, वरून नुसता लाखेचा पापुद्रा. खालचा चरा पॉलिश होतो. वरून मुलामा खरवडला तर गाणंच गेलं. तिच्यावर बॉलपेनने नाव लिहू नका.

घरी ‘बर्न’ केलेल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर लिहिलेल्या सीडी?

त्या आधी उतरवून घ्या, आज. त्यांत खळगे नसतात, रंग असतो, आणि तो उन्हाने व वर्षांनी फिका पडतो. बाजारातली सीडी पुन्हा मिळेल. आजोबांच्या पेटीवादनाचं घरगुती रेकॉर्डिंग पुन्हा मिळणार नाही. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह वाईट जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतो. साधा ट्रान्सपोर्ट एकदाच वाचतो आणि पुढे जातो. पुन्हा लिहिता येणाऱ्या, आरडब्ल्यू प्रकारच्या चकत्या तर फार कमी उजेड परत पाठवतात. कितीतरी जुने प्लेअर त्या ओळखतही नाहीत.

झाकण उघडं ठेवून लेझर चालू आहे का ते बघितलं तर?

डोळ्याने बघू नका. ७८० नॅनोमीटरचा उजेड नीट दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा तिरका धरा. बऱ्याच फोनमध्ये भिंगावर फिकट जांभळा ठिपका दिसतो. दिसला तर लेझर पेटतोय, बिघाड दुसरीकडे शोधा.